वास्तव्याचा जमाखर्च : कोरियन स्थलांतरितांच्या कथनात्म साहित्यातील एक आशयसूत्र

१

परदेशात कायमचे वास्तव्य करावे की करू नये, या प्रश्नाला व्यवहारात नेहमी जमाखर्चाचे रूप दिले जाते. एका बाजूला मिळकत, मुलांचे शिक्षण, कायद्याचे संरक्षण. दुसऱ्या बाजूला मातृभाषा, नातीगोती, पूर्वीची प्रतिष्ठा आणि उतारवयातील एकाकीपण. दोन्ही बाजूंची बेरीज करावी आणि जी बाजू जड ठरेल तिच्याकडे झुकावे, अशी ही रीत आहे. कोरियन स्थलांतरितांनी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या वाचतानाही हीच रीत नकळत अवलंबिली जाते. कादंबरीतील कुटुंबाने काय मिळविले व काय गमावले याची यादी केली जाते आणि त्या यादीवरून कृतीला यशोगाथा वा शोकगाथा असे नाव दिले जाते.

या साहित्यातील महत्त्वाच्या कृतींचा साक्षेपाने विचार केला तर मात्र वेगळे चित्र दिसते. जमाखर्च हा त्यांचा विषय आहेच. पण त्यांच्या घाटाचे तत्त्वही तोच आहे. हिशेबाच्या वह्या, कर्जे, याद्या, नोंदणीची कागदपत्रे यांनी त्या भरलेल्या आहेत. असे असूनही यांपैकी एकही कृती हिशेब पुरा करून दाखवीत नाही. याचे कारण शोधावयाचे तर हिशेब मांडताना काय गृहीत धरले जाते ते पाहावे लागेल. पहिले गृहीतक असे की, तोलून पाहणारा माणूस निवड करण्यास मोकळा आहे. दुसरे असे की, लाभ आणि हानी एकाच माणसाच्या खाती पडतात. तिसरे असे की, दोन्ही बाजू ज्यात मोजता येतील असे एक समान माप उपलब्ध आहे, आणि ज्या भाषेत माणूस हा विचार करतो ती भाषा या मापाचे काम करते. मिन जिन ली यांची ‘पचिंको’ (२०१७), चांग-रे ली यांची ‘नेटिव्ह स्पीकर’ (१९९५) आणि ई यांग-जी यांची ‘यूही’ (१९८८) या तीन कृती अनुक्रमे या तीन गृहीतकांची परीक्षा घेतात, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

प्रथम निवडीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न घेऊ. कोरियन माणसाच्या स्थलांतराला इतिहासात निर्मळ निवडीचे रूप क्वचितच लाभले. १३ जानेवारी १९०३ रोजी १०२ कोरियन माणसांना घेऊन ‘गेलिक’ हे जहाज होनोलुलूला पोचले आणि उसाच्या मळ्यांवरील मजुरीसाठी पुढील दोन-अडीच वर्षांत सुमारे ७,००० माणसे हवाई बेटांवर उतरली. १९०५ मध्ये जपानने कोरियाला आपल्या संरक्षणाखाली घेतले आणि हा ओघ थांबला; १९१० मध्ये कोरिया जपानी साम्राज्याला जोडून टाकण्यात आला. चार पैसे गाठीला बांधून परत जाऊ म्हणणाऱ्या मजुराला परत जाण्यासाठी राजकीय अर्थाने देशच उरला नाही. इकडे अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने आशियाई माणसांना दार बंद केले. जे आधी आत आले होते त्यांनाही नागरिक होण्याची मुभा १९५२ पर्यंत नव्हती. व्यापक प्रमाणावर स्थलांतर शक्य झाले ते १९६५ च्या कायद्यानंतर.

यंगहिल कांग यांची ‘ईस्ट गोज वेस्ट’ (१९३७) ही कादंबरी या मधल्या काळाचा दस्तऐवज आहे. तिचा निवेदक चुंगपा हान हा मजूर नव्हे. तो पश्चिमेच्या ग्रंथांवर लुब्ध झालेला तरुण विद्वान आहे. न्यूयॉर्कमध्ये तो घरगडी होतो, हॉटेलांत राबतो, वस्तू विकत हिंडतो. आणि या सर्व धडपडीची नोंद तो विनोदाच्या अंगाने करतो. वरवर पाहता ही शिकाऊ तरुणाच्या जडणघडणीची कादंबरी आहे. परंतु अशा कादंबरीला जो शेवट अपेक्षित असतो, म्हणजे नायकाला समाजात जागा मिळणे, तो येथे येऊ शकत नाही. त्याचा मित्र किम आत्महत्या करतो आणि कादंबरी एका स्वप्नापाशी संपते. त्या स्वप्नात हान काही कृष्णवर्णीय माणसांबरोबर तळघरात कोंडला गेला आहे आणि बाहेर मशाली घेतलेला जमाव उभा आहे. कांग यांना नागरिकत्व मिळावे म्हणून १९३९ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये खास विधेयके मांडण्यात आली. ती संमत झाली नाहीत. ज्याच्या वास्तव्यालाच कायद्याची मान्यता नाही त्याने वास्तव्याचे फायदे-तोटे मोजणे ही एक विसंगती ठरते. कांग यांच्या विनोदाचे मूळ या विसंगतीत आहे.

जपानमधील कोरियनांची स्थिती याहून गुंतागुंतीची होती. ते परक्या देशात गेले नव्हते. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात गेले होते. १९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा जपानमध्ये सुमारे २० लाख कोरियन होते. त्यांपैकी बहुसंख्य परतले आणि सुमारे ६ लाख मागे राहिले. २८ एप्रिल १९५२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील शांततेचा तह अंमलात आला आणि या मागे राहिलेल्यांचे जपानी नागरिकत्व संपुष्टात आले. एकाही पावलाने न हलता ते परके झाले. त्यांना ‘झाइनिची’, म्हणजे जपानात वास्तव्य करणारे, असे संबोधले जाते. या संज्ञेत तात्पुरतेपणाची छटा आहे. ती आज चौथ्या-पाचव्या पिढीलाही लावली जाते.

३

‘पचिंको’ ही कादंबरी या इतिहासाच्या आधारे उभी आहे. बुसानजवळच्या योंगदो बेटावरील सुंजा ही खाणावळवाल्या घरातील मुलगी, हान्सू या विवाहित धनिकापासून गरोदर राहते. क्षयाने पीडित असलेला ईसाक नावाचा धर्मोपदेशक तिच्याशी लग्न करतो आणि १९३३ मध्ये ती दोघे ओसाकाच्या इकाइनो या कोरियन वस्तीत येतात. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, सुंजा फायदे-तोटे तोलून निघत नाही. लोकापवादापासून सुटण्याचा जो एक मार्ग समोर येतो तो ती धरते. पुढे प्रवासखर्चासाठी दिराने काढलेले कर्ज उघडकीस येते, तेव्हा हान्सूने दिलेले घड्याळ विकून ती ते फेडते. बायकांनी कर्ज फेडले म्हणून दीर संतापतो. ज्या प्रवासाची तिने निवड केली नाही त्याची किंमत तिनेच चुकविली, आणि वर त्या फेडीबद्दलही तिने ऐकून घेतले. कादंबरीतील पुढचे सारे देणेघेणे या प्रसंगाच्या आकृतिबंधावर चालते.

सुंजाचा थोरला मुलगा नोआ याच्या चरित्रात या आकृतिबंधाला शोकात्म टोक येते. वासेदा विद्यापीठातील आपले शिक्षण ज्याच्या पैशावर चालले आहे तो हान्सू आपला पिता आहे, हे कळताच तो विद्यापीठ सोडतो, नाव बदलतो आणि नागानो येथे जपानी म्हणून जगू लागतो. पचिंको हा जपानमधील जुगारवजा यंत्रखेळ. त्याच्या एका अड्ड्यावर तो हिशेबनीस होतो. लेखिकेने त्याला हिशेबनीस केले यात अर्थ आहे. आईला तो नेमाने पैसे पाठवितो. देणे फेडून नाते मिटविता येईल असे त्याला वाटते. आई त्याला शोधून काढते त्याच दिवशी तो आत्महत्या करतो, आणि निवेदन ही घटना काही शब्दांत सांगून पुढे जाते.

निवडीचा खरा प्रसंग कादंबरीत फार उशिरा, तिसऱ्या पिढीत येतो. सुंजाचा नातू सॉलोमन याला चौदाव्या वर्षी कचेरीत जाऊन बोटांचे ठसे देऊन परकीय म्हणून नोंदणी करावी लागली होती. तो अमेरिकेत शिकून परततो आणि टोकियोतील एका गुंतवणूक कंपनीत लागतो. तेथे त्याचा वापर करून त्याला काढून टाकले जाते. त्याची प्रेयसी फीबी ही अमेरिकी नागरिक असलेली कोरियन मुलगी आहे. जपानात जन्मलेल्या माणसाला जपान परका का म्हणतो हे तिला समजूच शकत नाही. तिच्याशी लग्न केले तर सॉलोमनपुढे अमेरिकी नागरिकत्वाची वाट मोकळी आहे. जमाखर्चाच्या कोणत्याही नियमाने ती बाजू जड आहे. सॉलोमन मात्र जपानात राहतो आणि वडिलांच्या पचिंकोच्या धंद्यात शिरण्याचे ठरवितो. हा स्वाभिमान मानावा, पराभव मानावा की केवळ सवय मानावी, याचा निर्णय कादंबरी देत नाही. दोन देशांत वाढलेल्या दोन कोरियनांना एकमेकांचा हिशेबच कळू नये, ही या कादंबरीची सर्वांत मौलिक जाण होय.

तथापि, या कृतीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. तिचा सर्वज्ञ निवेदक प्रत्येकाच्या मनात सारख्याच सहजतेने शिरतो. संकटाच्या प्रत्येक वळणावर हान्सू अदृश्य खजिनदाराप्रमाणे हजर होतो, आणि त्यामुळे इतिहासाने केलेली हानी कथानकाच्या सोयीने भरून निघते. याहून मोठा प्रश्न भाषेचा आहे. नोआचे जपानी म्हणून खपणे त्याच्या निर्दोष जपानी उच्चारांवर अवलंबून आहे. सुंजाला जपानीत सफाई कधी येत नाही. परंतु ही सारी पात्रे एकाच सरळ, स्वच्छ इंग्रजीत बोलतात. भाषांतील अंतर वाचकाला सांगितले जाते. त्याचा अनुभव येत नाही. कोरियन व जपानी शब्द अधूनमधून येतात, पण ते वातावरणनिर्मितीपुरते. तीन भाषांतून जाणाऱ्या कुटुंबाचा हिशेब एकाच भाषेत इतक्या विनातक्रार मांडला जावा, याचे या कादंबरीला आश्चर्य वाटत नाही.

४

‘नेटिव्ह स्पीकर’चा प्रश्न नेमका येथून सुरू होतो. लेखक सोलमध्ये जन्मला आणि तीन वर्षांचा असताना अमेरिकेत आला. निवेदक हेन्री पार्क हा एका खाजगी हेरसंस्थेचा नोकर आहे. आपल्यासारख्याच स्थलांतरितांमध्ये मिसळून त्यांच्याविषयी अहवाल लिहिणे हे त्याचे काम. त्याच्या मुलाचा, मिटचा, सातव्या वाढदिवशी इतर मुलांच्या ढिगाखाली गुदमरून मृत्यू झाला आहे. लेलिया ही त्याची गोरी पत्नी मुलांचे वाचादोष सुधारण्याचे काम करते. त्याला सोडून जाताना ती त्याच्या हाती त्याच्या स्वभावाची एक यादी ठेवते. कादंबरीतील ही पहिली यादी होय.

हेन्रीच्या वडिलांनी कोरियात अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेतले होते. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी भाजीपाल्याची दुकाने काढली आणि पुढे श्रीमंत उपनगरात घर घेतले. पहिल्या दुकानाचे भांडवल उभे राहिले ते ‘क्ये’ या कोरियन पद्धतीने. सभासदांनी ठरावीक रक्कम भरावी आणि जमलेली थैली पाळीपाळीने एकेकाने उचलावी, असे तिचे स्वरूप आहे. मराठी वाचकाला हिचे स्पष्टीकरण नको. ही आपली भिशीच. भिशीत कागदापेक्षा शब्दाला किंमत असते. आपली पाळी आधी आलेला माणूस उरलेले हप्ते भरील या विश्वासावर ती चालते आणि हा विश्वास समान भाषा व समान गाव यांतून येतो. वडिलांचा उत्कर्ष जसजसा होत जातो तसतसा हा गोतावळा विरळ होत जातो. म्हणजे ज्या संबंधाने लाभ मिळवून दिला तोच संबंध लाभाने संपविला. ही नोंद जमेत करावी की खर्चात, हे ठरविता येत नाही.

जमा एकाच्या आणि खर्च दुसऱ्याच्या खाती पडतो याची सर्वांत बोचरी नोंद भाषेच्या संदर्भात येते. लहानपणी आईवडिलांच्या भांडणात हेन्री उडी घेतो आणि वडिलांना कळणार नाहीत असे जड इंग्रजी शब्द त्यांच्यावर मुद्दाम फेकतो. मुलाला हे इंग्रजी मिळावे म्हणूनच वडिलांनी अभियंत्याचा भाजीवाला होणे पत्करले होते. त्यांनी कमावलेले धन मुलाच्या हाती शस्त्र होऊन त्यांच्यावरच उलटते. आईच्या मृत्यूनंतर घर चालविण्यासाठी कोरियातून आणलेल्या बाईला तो आयुष्यभर ‘आजुम्मा’ म्हणजे ‘मावशी’ या अर्थाच्या संबोधनाने हाक मारतो; तिचे नाव त्याला माहीत नाही. लेलियाला याचा धक्का बसतो. येथे कादंबरीकाराने निवाडा टाळला आहे हे महत्त्वाचे. कोरियन रीतीत वडीलधाऱ्या बाईला नावाने न हाकारणे हा आदर आहे. इंग्रजीत तीच गोष्ट माणुसकीचा अभाव ठरते. एकच नोंद दोन भाषांच्या वह्यांत दोन विरुद्ध बाजूंना लिहिली जाते.

कथानकाचा कळस दुसऱ्या यादीपाशी येतो. जॉन क्वांग हा क्वीन्समधील कोरियन लोकप्रतिनिधी न्यूयॉर्कचा संभाव्य महापौर मानला जातो. त्याने भिशीचीच कल्पना वाढवून नाना देशांच्या स्थलांतरितांसाठी एक प्रचंड निधी उभारला आहे. कोणी किती भरले याची यादी हेन्रीच्या हाती येते आणि तो ती आपल्या संस्थेला देतो. तेथून ती सरकारी खात्याकडे पोचते आणि बेकायदा राहणाऱ्या माणसांना पकडले जाते. विश्वासाची वही पुराव्याची वही होते. तिच्यातील एकही अक्षर बदलावे लागत नाही. ही कादंबरी एप्रिल १९९२ मधील लॉस एंजेलिसच्या दंगलीनंतर तीन वर्षांनी आली. त्या दंगलीत कोरियनांच्या मालकीच्या २,००० हून अधिक दुकानांची हानी झाली होती. वर्षानुवर्षांची जमा तीन-चार दिवसांत भस्मसात होते आणि पोलीस येत नाहीत, हा अनुभव कादंबरीत प्रत्यक्ष आलेला नाही. परंतु काळे ग्राहक व कोरियन दुकानदार यांच्यातील तणावाचे चित्रण आणि स्थलांतरिताच्या मिळकतीला राज्यसंस्थेची हमी नसते ही जाणीव, यांमागे तो उभा आहे.

हेन्रीचा दोष केवळ विश्वासघाताचा नाही. अहवाल लिहिणे, म्हणजे माणसाचे नोंदीत रूपांतर करणे, ही त्याला इंग्रजीबरोबर मिळालेली विद्या आहे. म्हणूनच कादंबरीचा शेवट अर्थपूर्ण ठरतो. लेलियाच्या वर्गात हेन्री मुखवटा घालून मुलांच्या खेळात सामील होतो आणि लेलिया निरोप देताना देशोदेशींच्या त्या मुलांची नावे त्यांच्या-त्यांच्या उच्चारांनुसार घेण्याचा प्रयत्न करते. ही तिसरी यादी. तिच्यात रकमेचा रकाना नाही.

५

‘यूही’ ही दीर्घकथा या दोन्ही कादंबऱ्यांहून आकाराने लहान व विचाराने अधिक निर्भय आहे. ई यांग-जी (१९५५–१९९२) यांचा जन्म जपानमधील यामानाशी येथे झाला. त्या लहान असताना त्यांच्या आईवडिलांनी जपानी नागरिकत्व स्वीकारले. पुढे त्या सोलला गेल्या आणि तेथे कोरियन साहित्य व नृत्य शिकल्या. ‘यूही’ला जपानमधील प्रतिष्ठेचे आकुतागावा पारितोषिक मिळाले. कथेतील यूही ही झाइनिची मुलगी मातृदेशात स्थायिक व्हावे या ओढीने सोलच्या विद्यापीठात शिकत असते. पदवीच्या तोंडाशी येऊन ती शिक्षण सोडते आणि जपानला परतते. म्हणजे येथे स्थलांतर उलट्या दिशेचे आहे. पूर्वजांच्या भूमीत वास्तव्य करणे झेपते का, हे येथे तोलले जात आहे.

कथा सांगते ती यूही नव्हे. ज्या घरात यूही भाड्याने राहत होती त्या घरातील कोरियन तरुणी निवेदक आहे आणि तिला जपानी येत नाही. यूहीने मागे ठेवलेला जपानी हस्तलिखिताचा गठ्ठा तिच्या हाती आहे. त्यातील अक्षर तिला वाचता येत नाही. आता कथनमीमांसेच्या दृष्टीने पेच असा की, ही संपूर्ण कथा जपानीत लिहिलेली आहे. निवेदिका जे जपानी वाचू शकत नाही ते वाचू शकणाऱ्या वाचकासाठीच तिचे कोरियन मन जपानीत उतरलेले आहे. ‘पचिंको’ने जे अंतर इंग्रजीखाली झाकले ते येथे कथेचे मध्यवर्ती द्रव्य झाले आहे.

सकाळी जाग येताच मनात पहिला स्वर उमटतो तो कोरियन ‘अ’ की जपानी ‘अ’, हे यूहीला ठरविता येत नाही. तो कोरियन असेल तर त्या शब्दांची काठी धरून दिवस चालता येईल. पण तो कोणता हेच समजत नाही. ही केवळ भावनिक दोलायमानता नव्हे. लाभ-हानीचा विचार सुरू होण्यापूर्वी तो विचार कोणत्या भाषेत करावयाचा हे ठरलेले असावे लागते. यूहीच्या बाबतीत तेच ठरलेले नाही. तिला कोरियन बासरीचा सूर आपला वाटतो. सोलच्या बसमधील व बाजारातील बोलणे मात्र कानाला बोचते. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीयतेच्या संकल्पनेत भाषा आणि भूमी यांचे नाते मूलभूत आहे. यूहीच्या वाट्याला हे नाते दुभंगून आले आहे. भूमी आपली असूनही भाषा उसनी, आणि भाषा आपली असूनही ती एकेकाळच्या राज्यकर्त्यांची. देशीयतेच्या चर्चेने या स्थितीला केवळ मूळ तुटलेली म्हणून बाजूला सारले, तर आधुनिक अनुभवाचा एक मोठा प्रदेश तिच्या कक्षेबाहेर राहील.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. लिसा लो यांनी १९९१ मधील एका महत्त्वाच्या निबंधात असा इशारा दिला आहे की, आशियाई-अमेरिकी साहित्य केवळ पिढ्यांच्या संघर्षाच्या चौकटीत वाचले तर वर्ग, लिंग व राष्ट्र यांचे भेद झाकले जातात आणि सामाजिक विरोध कौटुंबिक होऊन बसतो. लाभ एका पिढीचा व हानी दुसऱ्या पिढीची, असे म्हणणे त्याच चौकटीत अडकत नाही काय? इशारा रास्त आहे. परंतु वर विचारात घेतलेल्या कृतींत पिढ्यांमधील अंतर घराच्या चार भिंतींत तयार होत नाही. नोंदणीची कचेरी, नागरिकत्वाचा कायदा, शाळेची भाषा आणि हेरसंस्थेचा अहवाल यांनी ते तयार केले आहे. बापाचे नुकसान मुलाच्या खाती आणि मुलाचा लाभ बापाच्या विरोधात वळविणारी यंत्रणा राज्यसंस्थेची आहे. कुटुंब हे तिच्या नोंदी जेथे उमटतात असे ठिकाण आहे.

इतिहास पुढे सरकला आहे. झाइनिची कोरियनांची बोटांचे ठसे देण्यातून १९९३ मध्ये सुटका झाली. दक्षिण कोरियाच्या सुधारित राष्ट्रीयत्व कायद्याने २०११ पासून परदेशी नागरिक झालेल्या कोरियनांना वयाच्या ६५ व्या वर्षानंतर परतून दुहेरी नागरिकत्व घेण्याची सोय केली आहे. ज्या देशातून गरिबीमुळे माणसे बाहेर पडली तो आता संपन्न आहे, आणि त्यामुळे जुने हिशेब नव्याने उघडले जात आहेत. परंतु कायद्याने परतीची वाट मोकळी केली म्हणून यूहीचा ‘अ’ ठरत नाही, की हेन्रीच्या घरातील बाईचे नाव सापडत नाही. स्थलांतरितांच्या साहित्याची समीक्षा जर यश-अपयशाचा ताळेबंद मांडण्यात गुंतून राहिली तर ती या साहित्याला त्याच्या खऱ्या प्रश्नापासून दूर नेईल. तिने आधी विचारावे ते हे की वही कोणाच्या हाती आहे, ती कोणत्या भाषेत लिहिली जात आहे, आणि जिच्या श्रमावर ती उभी आहे त्या माणसाचे नाव तिच्यात नोंदले गेले आहे की नाही.